चेट्टियारच्या दुकानातली बाटली

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. तरीही तीन वर्षं मी घरात व्हिस्कीची एक बाटली लपवून ठेवली होती, तीही नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पेटीत, आणि तीही बायकोच्या वीणेच्या पैशांनी घेतलेली. सगळे गुन्हे असे एका दमात लिहून टाकले की जरा हलकं वाटतं. आता सावकाश सांगतो.

मी तंजावूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला कॉमर्स शिकवतो. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका इमारतीचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला आहे. घरात तिघं: मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंना आमच्याकडच्या जुन्या रीतीनं मी आत्याबाई म्हणतो. घरात बोलतो मराठी. माझी मराठी ऐकून पुण्याचा एक पाहुणा एकदा म्हणाला होता, "तुम्ही मराठी गाता की बोलता?" असो.

बायको वीणा शिकवते. सकाळ-संध्याकाळ मुली येतात, जिन्यात चपलांचा ढीग पडतो. दर रविवारी सकाळी ती तिरुवैयारूला जाऊन तिथल्या मुलींनाही शिकवते. तिची स्वतःची वीणा मात्र सांधलेली. म्हणजे भोपळा वेगळा, दांडी वेगळी, मान वेगळी, आणि सगळं जोडलेलं. हा सांधा इतक्या वर्षांत ढिला झाला होता आणि हवा दमट झाली की वीणेला सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा. तिला हवी होती एकांड वीणा, फणसाच्या एकाच अखंड ओंडक्यातून कोरलेली, सांधा नसलेली. लग्न झालं त्या वर्षापासून मी हे ऐकत आलो. तिनं कधी हट्ट केला नाही. मुलींच्या फीमधून थोडं थोडं बाजूला काढून ती एका पिवळ्या कापडी पिशवीत ठेवत राहिली. एके दिवशी ती पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

"आसारींना देऊन या. एकांड सांगा. घाई नाही म्हणावं, पण लाकूड चांगलं बघा."

आसारी म्हणजे आमच्याकडचे लाकूडकाम करणारे कारागीर. हे आसारी फक्त वीणाच करायचे. मी सायकलवरून गेलो तर अमावास्या होती, काम बंद, दाराला कुलूप. मी पिशवी घेऊन परत निघालो. इथवर मी निर्दोष होतो.

त्याच संध्याकाळी सिंगापूरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो तिथे एका गोदामाचा हिशेब बघतो आणि त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत गुंतवणूक दिसते. बोलता बोलता मी पिशवीचं सांगितलं.

"अण्णा, आज दिलेस तर एक वीणा येईल. तीन वर्षं थांबलास तर दोन येतील."

"त्या कशा?"

मग त्यानं मला समजावलं. स्कॉटलंडमधली एक व्हिस्कीची भट्टी कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली. तिथला माल आता पुन्हा होणे नाही. जगात उरल्या आहेत तेवढ्याच बाटल्या. "कुठंतरी कुणीतरी एक उघडतो, की उरलेल्यांचा भाव चढतो. तू काहीच करायचं नाहीस. प्यायचं नाही, उघडायचं नाही. फक्त थांबायचं. तुझ्यासारख्या माणसासाठीच आहे हे."

माझ्यासारख्या माणसासाठी! पंचवीस वर्षं मी मुलांना गुंतवणूक म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दिलं आणि स्वतः पोस्टातल्या खात्यापलीकडे गेलो नाही. त्या मुलांपैकी काहींच्या मोटारी माझ्या सायकलवर धूळ उडवून जातात. मला वाटलं, एकदा तरी. आणि हे मी स्वतःसाठी थोडंच करत होतो? तिला साधी नाही, उत्तम नक्षीची एकांड वीणा मिळेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाप करताना माणूस नेहमी दुसऱ्याचं नाव पुढे करतो.

"दिलेत पैसे?" बायकोनं विचारलं.

"दिले."

"कधी होईल?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "लाकूड मुरायला हवं म्हणतात."

हे खोटं इतकं चांगलं होतं की मीच चकित झालो. फणसाचं लाकूड खरंच वर्षानुवर्षं मुरावं लागतं, नाहीतर वीणा तडकते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती उलट खूश झाली. "बरा माणूस दिसतो. बाकीचे ओलंच लाकूड लावून देतात."

आत्याबाई पाट्यावर काहीतरी वाटत होत्या. त्यांनी मान डोलावली. "मुरलेलंच चांगलं. लोणचं असो नाहीतर माणूस असो."

पुढच्या महिन्यात पापनाशमला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मावसभाऊ त्यासाठी आला आणि पापनाशमच्या बस थांब्यावर मी त्याला पिवळ्या पिशवीतले पैसे दिले आणि त्यानं साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली ती बाटली मला दिली. लाकडी खोका, आत मखमल, मखमलीत बाटली. लेबल जुन्या पत्रासारखं पिवळट. बसमध्ये मी ती मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पट्टुपुडवै का?" म्हणजे रेशमी साडी का. मी हो म्हणालो. एका महिन्यातलं दुसरं खोटं. मी वेगानं शिकत होतो.

घरात गार आणि अंधारी जागा हवी, असं भावानं बजावलं होतं. तंजावूरला मे महिन्यात गार जागा म्हणजे कावेरीचं पात्र, तेही पाणी सोडलं असेल तर. शेवटी मला माळ्यावरची लोखंडी पेटी सुचली. तिच्यात आमच्या कोलूच्या बाहुल्या असतात. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू. उरलेलं वर्षभर त्या जुन्या धोतरांच्या तुकड्यांत गुंडाळून झोपलेल्या असतात. मी बाटली खोक्यातून काढली, कारण खोका पेटीत मावेना, आणि तिलाही धोतराच्या तुकड्यात गुंडाळून एका राजा-राणीच्या मध्ये झोपवली. खोका माझ्या पुस्तकांमागे गेला.

झोपवली, हीच पहिली चूक. भावाला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच. "आडवी? अण्णा, ती उभी ठेवायची! बुचाला व्हिस्की लागत राहिली तर बूच सडतं!" मी तिला उभी केली. दुसरी चूक त्याहून वाईट. दर रविवारी मी बाटली काढून जरा हलवत होतो, लोणच्याची बरणी हलवतात तशी, खार सगळीकडे लागावा म्हणून. हे सहज सांगितलं तर भाऊ हसत सुटला.

"अण्णा, ती मुरत नाही."

"म्हणजे?"

"पिंपात असते तोवर मुरते. बाटलीत भरली की संपलं. शंभर वर्षं ठेवलीस तरी तीच राहते."

मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. माझी समजूत होती की माळ्यावर ती दिवसेंदिवस अधिक चांगली होते आहे, म्हणून तिचा भाव वाढतो आहे, आणि या सगळ्यात निदान काहीतरी चांगलं घडतं आहे. तर तसं काही नव्हतं. ती नुसती बसून होती.

पण भाव मात्र हलत होता. दर महिन्याला परदेशात लिलाव व्हायचे आणि त्यांचे निकाल फोनवर यायचे. माझ्यासारखीच बाटली कितीला गेली, तिचं लेबल कसं होतं, बुचावरचं मेण तडकलेलं होतं का, आतली पातळी मानेपर्यंत होती की खाली गेलेली. पातळी फार महत्त्वाची. बूच कितीही घट्ट असलं तरी थोडी वाफ उडतेच. म्हणून रविवारी बायको तिरुवैयारूच्या बसमध्ये बसली आणि आत्याबाई देवपूजेत गुंतल्या की मी पेटी उतरवायचो, टॉर्च लावून पातळी बघायचो आणि वहीत नोंद करायचो. मे महिन्यात पेटीखाली ओली गोणी घालायचो.

आता त्या वहीबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या सगळ्या अपराधांत मला सर्वांत जास्त लाज तिची वाटते. ती मी देवनागरीत लिहीत होतो. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचायला कुणाला येत नाही. बायको किराण्याची मराठी यादीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहिते, आत्याबाईही तसंच. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला देवनागरी येते. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच भाषेत, उघड्यावर ठेवलेली वही कुणी वाचू शकत नव्हतं. यापेक्षा सुरक्षित कुलूप मिळालं नसतं.

आत्याबाईंनी मला दर रविवारी खाली मान घालून लिहिताना पाहिलं आणि त्यांची एक समजूत झाली. आमच्या भागात वह्याच्या वह्या भरून रामनाम लिहिण्याची पद्धत आहे. एकदा मी आंघोळीहून आलो तर वहीच्या कव्हरवर कुंकवाचं बोट आणि वर एक जास्वंदीचं फूल. खाली गल्लीत आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमचे जावई बघा, रविवार चुकवत नाहीत. तीन-तीन पानं रामनाम. टॉर्च लावून लिहितात, डोळ्यांची पर्वा नाही."

मी वर उभा राहून ऐकलं. खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी फूल उचलून देवाला वाहिलं आणि आत लिहिलं: पातळी ठीक, बूच ठीक, भाव वर.

पहिल्या वर्षी भाव चांगलाच चढला. मी शाळेतून शीळ घालत यायचो, बायकोला गजरा आणायचो. दुसऱ्या वर्षी आणखी चढला. तेव्हा विकायला हवी होती. भाऊही म्हणाला. मला वाटलं, थोडं थांबू. तिसऱ्या वर्षी उतरायला लागला, तेव्हा वाटलं, आता विकली तर मूर्खपणा. वर गेला की विकणं म्हणजे घाई आणि खाली आला की विकणं म्हणजे तोटा. वर्गात मी या रोगाचं नाव मुलांना सांगतो, परीक्षेत विचारतोही.

मधूनमधून बायको विचारायची, "आसारींकडे जाऊन लाकूड बघून येऊ का?"

मी म्हणायचो, "मुरत्या लोणच्यात सारखा हात घालू नये."

"खरंय," आत्याबाई म्हणायच्या. बायको बिचारी थांबायची. आणि तिची वीणा दमट हवेत नाक चोंदल्यासारखी वाजत राहायची. ते मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचं.

दरवर्षी नवरात्राच्या आठवडाभर आधी मी बाटली पेटीतून काढून पुस्तकांमागे हलवत असे. त्या तिसऱ्या वर्षी तिमाही परीक्षेचे पेपर आले. दोन वर्गांचे गठ्ठे. मी शाळेतच बसून तपासत होतो. एका संध्याकाळी घरी आलो तर बैठकीत सात पायऱ्यांचा कोलू रचून झालेला. वीणेच्या क्लासच्या मुलींनी पेटी उतरवली होती, आत्याबाईंनी बाहुल्या लावल्या होत्या.

कोलूत एक जोडपं असावंच लागतं: चेट्टियार आणि त्याची बायको. पोट सुटलेला वाणी, कपाळावर भस्म, समोर त्याचं दुकान. छोट्या वाट्यांत तांदूळ, डाळ, गूळ, मिरी. त्या दुकानात, गुळाच्या वाटीशेजारी, चेट्टियारच्या दुप्पट उंचीची माझी बाटली उभी होती. लेबलावर बरोबर मध्यभागी, नेमकं 'व्हिस्की' या शब्दावर, हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट. ओल्या बोटांनी लावलेलं. कुंकवाचा एक ओघळ खाली भट्टीच्या नावावरून गेला होता.

मी खुर्चीत बसलो.

"कसं आहे?" आत्याबाई उत्साहानं म्हणाल्या. "यंदा चेट्टियारच्या दुकानात मालही भरपूर आहे. ते अत्तर कुणी दिलं हो? पेटीत होतं. सिंगापूरचं का?"

"हो," मी म्हणालो.

"नवीन वस्तू म्हणून कुंकू लावलं. सगळ्या नव्या बाहुल्यांना लावते."

कोलू एकदा मांडला की नऊ दिवस हलवत नाहीत. तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटेल मी तिथल्या तिथे बाटली उचलून पळालो असेन. इच्छा होती. पण आत्याबाईंच्या देखत मांडलेला कोलू मोडायचा म्हणजे त्यापेक्षा खरं सांगणं सोपं, आणि खरं सांगण्याएवढा मी अजून झालो नव्हतो. रोज दुपारी बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, सुंडल म्हणजे खोबरं घातलेले फोडणीचे हरभरे खायच्या, तांबूल घेऊन जायच्या. जी ती कोलू बघून म्हणायची, "चेट्टियारचं दुकान फार छान!" मी आतल्या खोलीत भाव बघायचो. डागाळलेल्या लेबलाच्या बाटल्या किती खाली जातात, त्याचीही नोंद असते.

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता आसारी आले.

सरस्वतीपूजेला वाद्यं पूजेत ठेवतात, त्याआधी वीणेच्या पडद्यांखालचं मेण बदलून ते पुन्हा बसवून घेण्याची बायकोची पद्धत आहे. इतकी वर्षं त्यासाठी तिरुवैयारूचे एक म्हातारे कारागीर येत. यंदा त्यांचे हात थरथरतात म्हणून बायकोनं मला न विचारता आमच्या या आसारींना निरोप धाडला होता. मी दार उघडलं आणि ते समोर. मी त्यांना पूर्वी, पिशवीच्याही आधी, दोनदाच भेटलो होतो.

ते कोलूसमोर चटईवर बसले, वीणा मांडीवर घेतली, नखानं वाजवून बघितली. बायकोनं कॉफी आणून दिली आणि हसून तमिळमध्ये विचारलं, "काय हो, आमचं लाकूड मुरलं का?"

आसारींनी वर बघितलं. "कुठलं लाकूड अम्मा?"

"असं काय करता! एकांड वीणेचं. यांनी तीन वर्षांपूर्वी पैसे आणून दिले होते ना."

आसारींची नजर माझ्याकडे आली. माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांना दिसत होता. तो माणूस पंधरा-वीस सेकंद वीणेच्या खुंट्या चाचपत राहिला. मग म्हणाला, "अच्छा, ते! मुरतंय अम्मा. अजून थोडं मुरायला हवं."

आणि खाली मान घालून मेण कोरू लागला.

बायकोचं समाधान झालं. ती सुंडल आणायला आत वळली. मी सुटलो होतो. पूर्ण सुटलो होतो. आणि मला ते सोसवेना. आयुष्यभर लाकूड ठोकून खरी वस्तू करणारा माणूस, सात पायऱ्यांवरच्या देवांसमोर बसून, मांडीवर वीणा घेऊन, माझ्यासाठी खोटं बोलला होता. तीन वर्षं मी एकटाच खोटं बोलत होतो तोवर जमत होतं. आता मी दुसऱ्याच्या तोंडून बोलत होतो.

"थांब," मी म्हणालो. "लाकूड नाही. पैसे मी दिलेच नाहीत."

ती वळली. कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाईंची जपमाळ थांबली.

"मग कुठं आहेत?"

मी हात केला. "तिथं. चेट्टियारच्या दुकानात."

तिघंही कोलूकडे बघू लागले. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पिवळ्या पिशवीपासून टॉर्चपर्यंत. आसारींना कळावं म्हणून काही तमिळमध्ये, काही मराठीत, आणि जिथं फार लाज वाटली तिथं इंग्रजीत. आत्याबाईंना एवढंच नीट कळलं.

"म्हणजे ते अत्तर नव्हे?"

"नव्हे आत्याबाई. दारू आहे."

"ऐयो! मी दारूला कुंकू लावलं!"

"आणि वही?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, त्याचीच भीती वाटली. "रविवारची ती वही आणा. वाचा."

मी वाचली. उभं राहून, वर्गात धडा वाचावा तशी. "रविवार. पातळी ठीक. बूच ठीक. भाव वर. रविवार. पातळी केसभर खाली. उष्णता फार. गोणी ओली केली. रविवार. पातळी ठीक. भाव स्थिर."

दोन पानं झाली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "याला मी तीन वर्षं नमस्कार केला?"

आसारींच्या खांद्यांना हादरा बसला. मला वाटलं रागावले. ते हसत होते. मांडीवरची वीणाही हलत होती आणि तिच्या तारा झणझणत होत्या. मग आत्याबाई हसल्या, पदर तोंडाला लावून. बायको हसली नाही. ती कोलूकडे गेली, बाटलीसमोर बसली आणि बराच वेळ ती न्याहाळत राहिली.

"ही मुरते का?"

"नाही. बाटलीत गेल्यावर मुरत नाही."

"मग भाव का वाढतो?"

"बाकीचे लोक आपापल्या बाटल्या पिऊन टाकतात म्हणून."

"म्हणजे जगातले लोक मजा करत होते आणि आपण टॉर्च लावून बसलो होतो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तमिळमध्येही नाही. भाताबरोबर सार मिळायचं, पण वाढताना डाव ताटावर आपटायचा. तिसऱ्या दिवशी, सरस्वतीपूजेला, तिनं तिची जुनी वीणा पूजेत ठेवली. मी पुस्तकं ठेवतात तिथं माझी वर्गातली पुस्तकं ठेवली. तिनं आतून ती वही आणली आणि त्यांच्यावर ठेवली.

"हिच्याशिवाय तुमचं कसलं शिक्षण पुरं होणार?" ती म्हणाली. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी तेवढ्यावर खूश झालो.

कोलू उतरल्यावर बाटली कापसात गुंडाळून तिच्या खोक्यात गेली. दिवाळीला भाऊ आला आणि सिंगापूरला घेऊन गेला. लिलावाला घालताना त्याचा फोन आला. "अण्णा, लेबलावर डाग कसला म्हणून विचारतात. काय लिहू?"

फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "खरं ते लिहा. हळद-कुंकू आहे, घरच्या पूजेतलं. पुसायचा प्रयत्न केलेला नाही."

त्यानं तसंच लिहिलं. शिखराला असताना तिच्यासारख्या बाटलीला जो भाव आला होता, त्याच्या जवळपासही ही गेली नाही. जेवढे मी घातले होते, साधारण तेवढेच परत आले. भाऊ म्हणाला, कुंकवाच्या डागासकट मुद्दल सुटलं हाच चमत्कार. मी पैसे पिवळ्या पिशवीत घातले आणि आम्ही दोघं आसारींकडे गेलो. या वेळी दोघं.

तिथं मला माझ्या मूर्खपणाची शेवटची नोंद करायची होती. आसारींनी एकांड वीणेची किंमत सांगितली आणि मी ती पुन्हा एकदा विचारून घेतली. तीन वर्षांत फणसाचं जुनं लाकूड मिळेनासं झालं होतं. ज्या वस्तूचा भाव मी दर रविवारी बघत होतो ती जागच्या जागी राहिली होती, आणि जिचा भाव एकदाही विचारला नाही ती बाटलीच्या शिखरापेक्षाही वर गेली होती.

"तर आता?" मी विचारलं.

आसारींनी आम्हाला मागच्या पडवीत नेलं. तिथं भिंतीला लागून, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवलेला एक पिवळा ओंडका होता. त्याच्या टोकावर खडूनं खूण केलेली.

"त्या दिवशी देवीसमोर मी अम्मांना लाकूड मुरतंय म्हणून सांगून बसलो," ते म्हणाले. "पुढं सरांनी खरं सांगितलं, पण ते सरांचं. माझं खोटं माझ्याकडंच राहिलं ना? ते तसंच कसं ठेवायचं? आठवडाभरानं हा ओंडका आला, मी बाजूला काढून ठेवला. जेव्हा जमेल तेव्हा बाकीचे द्या. तसंही दोन-तीन वर्षं याला हात लावता येणार नाही."

बायकोनं ओंडक्यावर हात ठेवला. मग वाकून वासही घेतला. मी दुसरीकडे बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि आसारींसमोर पुरेशी शोभा आधीच झाली होती.

उरलेल्या पैशांसाठी मी आता संध्याकाळी दोन शिकवण्या घेतो. आणि दर रविवारी सकाळी सायकलवरून ओंडका बघायला जातो. आसारी म्हणतात, येऊ नका सर, ते पळून जाणार नाही. मी टोकांना चिरा पडल्या आहेत का बघतो, वजनाचा अंदाज घेतो, येऊन वहीत लिहितो. वही तीच. आत्याबाईंनी तिला कुंकू लावणं थांबवलं होतं. ओंडक्याची पानं सुरू झाल्यावर पुन्हा लावायला लागल्या. "आता चालेल," म्हणाल्या.

बायकोनं माझ्याकडून एकच भरपाई मागितली. "मला ती अक्षरं शिकवा." म्हणून रविवारी दुपारी आम्ही पाटी घेऊन बसतो. ती झपाट्यानं शिकते आहे, मात्र अनुस्वार विसरते. हे मी लिहितो आहे तेही तिला वाचता यावं म्हणून सोपं ठेवलं आहे. मागच्या रविवारी मी नोंद केली, "टोकाला चीर नाही. वास कमी झाला," आणि चहाला उठलो. परत आलो तर खाली पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

"मुरल का?"

मी अनुस्वाराचा ठिपका दिला आणि खाली लिहिलं, "अजून नाही." हे उत्तर मी तिला तीन वर्षं देत आलो होतो. या वेळी ते लिहिताना हात थांबला नाही.